कपाळाचं नाक

डॉक्टरांचं म्हणणं होतं, मी महिन्यातून एकदा वॉर्डात यावं आणि ज्यांचं नाक, कान नाहीतर ओठ नव्यानं करायचा आहे त्यांच्याशी चार शब्द बोलावं. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. पेशंट माझ्या तोंडाकडे बघत होती, मी तिच्या पायांकडे बघत होते. 'बरं हाय की?' एवढं विचारलं आणि उठून आले. मला माणसांपुढे बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच आहे. शाळेत चौथीपर्यंत गेले, पण बाईंनी उभं केलं की उत्तर माहीत असूनही घसा बंद व्हायचा.

लिहिताना मात्र कुणी बघत नाही. मुलीची एक वही अर्धी कोरी राहिली होती, ती घेतली आहे. हे वॉर्डात नेऊन देईन की ट्रंकेत ठेवीन ते अजून ठरवलेलं नाही.

चमकीच्या शेजारी

आम्ही कोल्हापुरातले कुंभार. पंचगंगेकडे उतरणाऱ्या गल्लीत आमचं घर आहे. माझे मालक गणपती करतात. गौरीचे मुखवटे हे माझ्या सासूबाईंचं काम. त्यांना मी आत्ती म्हणायचे, आणि पुढे सगळी गल्ली आणि गिऱ्हाइकंही आत्तीच म्हणायला लागली.

लग्न होऊन आले तेव्हा आत्तींनी दोन वर्षं मला नुसता शाडू मळायला बसवलं. तिसऱ्या वर्षी एक ओला मुखवटा माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "नाक काढ." साच्यातून मुखवटा निघतो तेव्हा डोळे, ओठ बरे असतात, पण नाक बोथट असतं. माती ओली आहे तोवर बांबूच्या चपट्या काडीनं ते हातानं काढावं लागतं. आधी शेंडा, मग नाकपुड्या, शेवटी डावीकडे नथीचं भोक. मी काढलेलं नाक आत्तींनी दारात उजेडाला धरून बघितलं आणि खाली ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून घरातली सगळी नाकं माझ्याकडे आली.

रस्त्याकडच्या खोलीत बसून हे काम करायचं असतं. गिऱ्हाईक तिथं उभं राहून बघतं. मी मान वर करत नसे, पण लोक माझ्या हाताकडे बघत आहेत हे मला कळायचं, आणि त्याचा मला त्रास होत नसे. जगात तेवढी एकच जागा होती, जिथं लोक बघत असले तरी मला चालत होतं.

आणि आजार आला तो नाकावरच. चमकीच्या शेजारी मोहरीएवढा फोड आला. तो दुखत नव्हता, म्हणून मीही लक्ष दिलं नाही. खपली धरायची, पडायची, परत धरायची. चमकी लागली असेल म्हणून काढून ठेवली. आत्ती कात उगाळून लावायच्या. असं वर्ष गेलं. मग एक दिवस तोंड पुसताना टॉवेलला रक्त लागलं आणि आरशात बघितलं तर नाकपुडीची कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसली.

निकाल

दवाखान्यात नाकपुडीचा तुकडा काढून तपासायला दिला होता. त्याचा निकाल आला त्या दिवशी आम्ही दोघं गेलो. डॉक्टरांनी कागद वाचला आणि सांगितलं की हा कातडीचा कॅन्सर आहे. हे म्हणाले, "कशाचा?" डॉक्टरांनी परत सांगितलं. हे परत म्हणाले, "कशाचा म्हटलासा?" तिसऱ्यांदा मीच त्यांच्या हातावर हात ठेवला.

डॉक्टर चांगला माणूस. त्यांनी सावकाश समजावलं. हा कॅन्सर अंगभर पसरणारा नव्हे, जीव जाणार नाही. पण जिथं बसला आहे तिथलं खात जातो. भोवतीच्या चांगल्या कातडीसकट काढून टाकायला लागेल. म्हणजे नाकाचा शेंडा आणि डावी बाजू जाणार. सातआठ महिने वाट बघायची, परत काही उगवत नाही ना याची खात्री करायची, मग नवीन नाक करायचं.

त्यातलं 'जीव जाणार नाही' हे यांनी ऐकलं. मी 'नाक जाणार' एवढंच ऐकलं.

येताना यांनी गाडी रंकाळ्यावर थांबवली आणि भडंगाची पुडी घेतली. आम्ही कट्ट्यावर बसलो. दोघांनीही एक दाणा खाल्ला नाही. शेवटी हे म्हणाले, "नाकाशिवाय बी तू हाईसच की." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. मला रडू आलं, कारण तोवर मी नाकाशिवाय कशी दिसेन हे यांनी मनात बघून घेतलं होतं.

मागची खोली

ऑपरेशन झालं. गौरी-गणपती दोन महिन्यांवर आले होते. माझ्या तोंडावर मधोमध पट्टी, तिच्याखाली खड्डा. बोलले तर आवाज वेगळाच यायचा. मुलगी तेव्हा सहा वर्षांची, ती जवळ येऊन झोपायची, पण पाठीकडून.

कामाचे दिवस सुरू झाले तशी मी नेहमीसारखी बाहेरच्या खोलीत पाटावर जाऊन बसले. आत्ती दारात उभ्या राहिल्या.

"इंदे, ऊठ तितनं."

"नाकं करायची न्हाईत का?"

"मी करतो. गौरीच्या म्होरं असल्या तोंडानं बसू नगंस. गिऱ्हाईक काय म्हनंल? जिला सोताला नाक न्हाई ती देवीला काय नाक देणार, असंच म्हनंल की."

हे गणपतीच्या सोंडेवरून ओला हात फिरवत राहिले. मी उठले आणि मागच्या खोलीत जाऊन शाडू मळायला बसले. लग्न झालं तेव्हा जिथं बसवलं होतं, तिथंच.

आत्ती तेव्हा साठी ओलांडलेल्या, हात थरथरायचा. फळीच्या भिंतीपलीकडून मला गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकू यायचं. एक बाई म्हणाली, "आत्ती, औंदा नाकं जरा बसकी दिसत्यात वो." मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण खरं लिहायचं ठरवलं आहे. खूप आनंद झाला.

त्या महिन्यात मी मनाशी पक्कं केलं. लग्नाकार्यात मिरवायला मला नाक नको होतं. मला बाहेरच्या खोलीतला तो पाट परत हवा होता.

मेण

फाल्गुनात मला दवाखान्यात भरती केलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर मेणाची पातळ चकती घेऊन आले. ती त्यांनी कोमट करून माझ्या खड्ड्यावर बसवली, बोटांनी दाबून नाकाचा आकार दिला. मग ती उचलून सपाट केली आणि उलटी करून माझ्या कपाळावर ठेवली. तिच्या कडेनं पेनानं रेघ मारली. एवढी कातडी कपाळावरून उचलायची, दोन भुवयांच्या मध्ये मात्र जोडलेलीच ठेवायची, म्हणजे तिथून तिला रक्त मिळत राहील. मग तिला पीळ देऊन खाली नाकावर आणायची आणि शिवायची. तीन आठवड्यांनी ती नाकावर रुजली की मधला पूल कापायचा.

हे शेजारी उभे राहून बघत होते. रेघ बघून घाबरले. "डॉक्टरसाब, लई मोठं हुईल की ओ. एवढं न्हवतं हिचं नाक."

डॉक्टर काही सांगणार, तोच माझ्या तोंडून निघालं, "असू दे. वाळल्यावर बसतंय."

भरती झाल्यापासून डॉक्टरांपुढे मी बोललेलं हे पहिलं वाक्य. ते पेन हातात धरून थांबले. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी खाली बघितलं. यांनीच उत्तर दिलं, "आमी कुंभार हाय न्हवं. ही गौरीची नाकं करती. माती आकसती म्हणून जरा थोर ठेवाय लागतंय."

"कुंभार?" डॉक्टर म्हणाले. मग हसले आणि पेनाचं टोपण लावलं. "कातडीपण आकसते. म्हणूनच मोठं घेतलंय. मला हे शिकायला मुंबईला जावं लागलं होतं, ताई. उद्या तुम्हाला एक गंमत दाखवतो. नाही, ऑपरेशननंतर दाखवतो. ती बघायला तरी शुद्धीवर या."

सोंड

ज्यांना हे करून घ्यायचं आहे त्यांना सांगते, पहिले आठ दिवस आरसा मागू नका. मी तिसऱ्या दिवशी सिस्टरच्या स्टीलच्या ट्रेमध्ये बघितलं. कपाळाला मोठी जखम, तिथून मांसाचा लालसर पट्टा पिळून खाली आलेला, आणि त्याच्या टोकाला गोळा. डोळ्यांच्या मधून तो पट्टा सारखा दिसायचा. मी पदर ओढून घेतला.

हे संध्याकाळी डबा घेऊन आले, स्टुलावर बसून माझ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "इतकी वर्सं मी सोंडा करायलोय. पर हातानं केलेल्या सोंडेला टाकं पडत्यात हे म्हाईत न्हवतं."

मला हसू आलं. हसले तसे टाके ओढले आणि डोळ्यांत पाणी आलं. पलीकडच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, "पावणं, हसवू नका हो तिला. आम्हालाही टाके आहेत."

त्या हातकणंगल्याच्या शाळेत शिकवायच्या. स्टोव्हचा भडका होऊन त्यांची मान भाजली होती, ती मांडीची कातडी लावून सरळ केली होती. आत्ती त्यांना मास्तरीणबाई म्हणायच्या, मी नुसतं बाई. त्यांना भेटायला येणारी माणसं जयभीम म्हणत आत यायची आणि पिशवीतून पपई काढून अर्धी मला द्यायची. वॉर्डात कसली सुखं असतात असं कुणी विचारलं तर मी त्या पपईचं नाव सांगेन. मऊ होती, चावावी लागत नव्हती.

झेरॉक्स

कबूल केल्याप्रमाणे डॉक्टर एक झेरॉक्स घेऊन आले. जुनं इंग्रजी चित्र होतं. डोक्याला कापड गुंडाळलेला एक माणूस समोर बघतो आहे. कपाळावर खूण, आणि नाक चांगलं. खाली कोपऱ्यात कपाळावर मारायच्या रेघेचा नकाशा, आणि बारीक अक्षरात इंग्रजी मजकूर. माझ्या कपाळावर मारलेली तीच रेघ. अगदी तीच.

डॉक्टरांनी गोष्ट सांगितली. दोनशे वर्षांपूर्वी पुण्याच्या बाजूला हा माणूस इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकायचा. लढाईत शत्रूच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक कापलं. पुण्याजवळ एक माणूस होता, विटा करणाऱ्यांच्या जातीचा. त्यानं ह्याच्या कापलेल्या नाकावर मेणाची चकती बसवली, ती सपाट करून कपाळावर ठेवली, रेघ मारली, कातडी उचलली, पीळ देऊन खाली बसवली. कात लावलेलं फडकं वर ठेवलं. महिन्याभरानं मधला पूल कापला. दोन इंग्रज डॉक्टर शेजारी उभे राहून बघत होते. त्यांनी ते लिहून घेतलं, ते विलायतेत छापून आलं, आणि तिथले डॉक्टर ते वाचून हे ऑपरेशन करायला शिकले. "आता जगभरच्या पुस्तकांत हे आहे," डॉक्टर म्हणाले. "त्याआधीही आपल्या जुन्या ग्रंथात झाडाच्या पानानं माप घेऊन नाक करायची रीत लिहिलेली आहे. पण गोऱ्या लोकांना समोर बसवून दाखवलं ते ह्या वीटवाल्यानं. म्हणजे कुंभारानंच की, ताई."

आत्ती खाटेच्या पायाशी बसल्या होत्या. त्या सगळ्यातली फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली. "कात लावलेलं फडकं? मग वरीसभर मी काय लावत हुतो हिच्या नाकाला?"

डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्ही कात बरोबर लावला, पण त्याच्या आधी कातडी कापायची राहिली."

ते गेल्यावर बाईंनी तो कागद मागून घेतला आणि चष्मा लावून अक्षर अक्षर वाचला. मग म्हणाल्या, "गाडीवाल्याचं नाव दिलंय. बघणाऱ्या डॉक्टरांची नावं दिलीत. ज्यानं केलं त्याचं नाव तेवढं नाही. नुसती जात दिली आहे." त्यात बाईंना नवल वाटलेलं दिसलं नाही. कागद घडी घालून मला परत दिला. "इंदूबाई, तुम्हाला लिहायला येतं ना? मग कधीतरी लिहा."

मी त्या दिवशी कागद उशीखाली ठेवला. छाती भरून येणं म्हणजे काय ते मला कळलं. आजारी पडल्यापासून मला वाटत होतं की मी घरातलं एक फुटलेलं भांडं आहे. आता वाटलं, माझ्या तोंडावर जे चाललं आहे ते आमचं काम आहे. मी पेशंट असले तरी परकी नव्हे.

आणि त्याच गर्वानं मी ती चूक केली.

ओलं फडकं

मुखवट्यावर नाक पुढे आलेलं असतं आणि पातळ असतं. बाकीचा चेहरा ओला असतानाच ते वाळतं आणि तडकतं. म्हणून आम्ही नाक काढलं की त्यावर ओल्या फडक्याचा तुकडा ठेवतो, म्हणजे सगळा चेहरा बरोबरीनं वाळतो. हे माझ्या हातात इतकं बसलं आहे की विचार करावा लागत नाही.

ऊन वाढलं होतं. दुपारी वरचा पंखा गरम वारा फेकायचा. नव्या नाकाची कड मला सुकल्यासारखी लागायला लागली, बोटाला खरखरीत. मला वाटलं, तडकणार. मी पातळाचा मऊ तुकडा भिजवला, पिळला आणि नाकावर ठेवला. किती बरं वाटलं. सिस्टर फेरीला यायच्या आत काढून उशीखाली घालायचे. आत्तींनी बघितलं. त्या म्हणाल्या, "ठेव ठेव. तडा नगं जायला." आम्ही दोघी कुंभारणी. आम्हाला कोण शिकवणार?

तीन दुपारी असं केलं. चौथ्या दिवशी सकाळी सिस्टरनं नेहमीप्रमाणे नाकाच्या शेंड्यावर बोट दाबलं. दाबून सोडलं की तिथं पांढरं होऊन परत गुलाबी यायला हवं. गुलाबी आलं नाही. शेंडा जांभळट होता. तिनं दुसऱ्यांदा दाबलं, आणि पळत गेली.

डॉक्टर आले. नाकाला हात लावला. "हे गार कसं? ओलं कुणी ठेवलं होतं?"

फडकं उशीखालून थोडं बाहेर आलेलं होतं. माझा घसा शाळेतल्यासारखा बंद झाला. मला माहीत होतं की हे नाक गेलं तर आता कपाळावर दुसरं नाक उरलेलं नाही. पाटही गेला, सगळंच गेलं.

"मी ठेवलतं," आत्ती म्हणाल्या.

डॉक्टर सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असे ओरडले. "आजी, ही माती नाही! ह्यात रक्त फिरतंय. एका चिंचोळ्या वाटेनं फिरतंय. तुम्ही गार फडकं ठेवून ती वाट बंद करताय. ह्या मुलीचं नाक घालवाल तुम्ही!"

आत्ती गल्लीत कुणाचाही एक शब्द खाली पडू देत नसत. नगरसेवकाचाही नाही. त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. "चुकलं," म्हणाल्या. "पर नाक वाचवा वो."

डॉक्टरांनी तीन टाके सैल केले. नाक कोरडं करून शेजारी टेबलावर दिवा लावून ठेवला, त्याची ऊब लागेल एवढ्या अंतरावर. आणि मग वाट बघणं. दोन दिवस. सिस्टर तासातासाला बोट दाबायची. मी तिच्या तोंडाकडे बघायचे, कारण माझ्या नाकाची खबर मला तिथंच दिसायची. बाई स्वतः मान वळवता येत नसताना अख्खं अंग वळवून विचारायच्या, "आला का रंग?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरनं बोट दाबलं, सोडलं, आणि म्हणाली, "आत्ती, पेढे आणा."

गव्हाच्या दाण्याएवढी कड काळी पडली आणि गळून गेली, नाकपुडीच्या डाव्या बाजूची. बाकी सगळं जगलं.

मी आत्तींना विचारलं, "तुमी का सांगितलंसा? मी ठेवलतं न्हवं."

त्या पिशवीत डबे भरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुझ्यावर वरडला असता तर तू रडली असतीस. नाकाला परत पाणी लागलं असतं."

डॉक्टरांना खरं काय ते मी कधी सांगितलं नाही. आज इथं पहिल्यांदा लिहिते आहे. ते माझं फडकं होतं, माझी चूक होती. आणि हे कुणी वाचत असेल तर ऐका, तुम्ही कुठल्याही धंद्यातले असा, दवाखान्यात तुमच्या हातांना गप्प बसवा. विचारून करा. मला विचारायची लाज वाटली आणि नाक जायची वेळ आली.

आरसा

पूल कापला. मग दोन महिन्यांनी एक लहान ऑपरेशन झालं, जाडी कमी करायला. कपाळावर उभी चीर राहिली, भुवयांपासून केसांपर्यंत. नाकावर कपाळाची कातडी आहे, त्यामुळे घाम आला की ती आधी चमकते. सुरुवातीला नाकाला हात लावला की कपाळाला हात लावल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तसं होतं, नंतर जातं. पहिल्यांदा माशी बसली तेव्हा मी कपाळावरून हात फिरवत राहिले आणि माशी नाकावरच बसून राहिली. मुलगी बघून खळखळून हसली. त्या रात्रीपासून ती माझ्याकडे तोंड करून झोपायला लागली.

घरी मी आरसा घेतला आणि दारात, उजेडात बसले. आत्तींनी माझं पहिलं नाक जसं बघितलं होतं तसंच बघितलं. शेंडा ठीक. उजवी नाकपुडी चांगली. डावीकडे खाच, जिथं चमकी असायची त्याच्या खाली. मी केलं असतं तर मधली रेघ जरा सरळ आली असती. पण मातीला रक्त नसतं, कातडीला असतं, आणि ते चालू ठेवून आकार काढायचा म्हणजे साधं काम नव्हे. काम चांगलं होतं. मी काम ओळखते.

आत्ती मागून आल्या आणि माझ्या खांद्यावरून आरशात बघितलं. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. आरसा माझ्या हातातून घेऊन खुंटीला लावला.

पाट

श्रावण सरत आला. मी मागच्या खोलीत शाडू मळत होते. कुणी काही सांगितलं नव्हतं आणि मी काही विचारलं नव्हतं. मी विचारणारी नव्हेच. मला नाक मिळालं होतं, पण ज्यासाठी हवं होतं ते अजून आत्तींच्या हातात होतं.

आत्ती दारात आल्या. "इंदे, पाट भायेर टाकलाय."

मी हात धुतले. पाटावर जाऊन बसले. आत्तींनी माझ्यापुढे ओल्या मुखवट्यांची रांग मांडली. मागच्या वर्षी वापरलेली बांबूची काडी त्यांनी स्वतःच्या कमरेतून काढून माझ्या हातात दिली. मग शेजारी पोत्यावर बसल्या, गिऱ्हाइकांकडे तोंड करून.

पहिली बाई आली ती बिद्रीकडची. दरवर्षी यायची, मागच्या वर्षी बसकी नाकं म्हणाली होती तीच. तिनं मुखवटे बघितले आणि मग माझ्याकडे बघत राहिली. मी काडी चालूच ठेवली. माझे कान तापले, पण हात थांबला नाही.

"आत्ती, सूनबाईंच्या कपाळाला काय झालं वो?"

मी वाट बघितली. मला वाटलं, पडली होती असं काहीतरी सांगतील.

"नाक गेलतं तिचं," आत्ती मोठ्यानं म्हणाल्या. रस्त्यावरची दोन माणसंही थांबली. "कपाळाचं नाक केलंय. बघ की जवळनं. बघ, बघ."

"अगं आई! कुणी केलं?"

"डॉक्टरनं."

"लई हुशार डॉक्टर म्हनायचा."

"हुशार हाय की. पर त्यो कुणाकडनं शिकला ते इचार."

"कुणाकडनं?"

"विलायतेच्या डॉक्टरांकडनं. आनि विलायतेचं कुणाकडनं शिकलं?" आत्तींनी पोत्यावर हात आपटला. "आमच्यातल्या एका कुंभाराकडनं. पुन्याकडं हुता. आमच्या भावकीतलाच."

भावकीतला हे आत्तींनी स्वतः घातलं. मी दुरुस्त केलं नाही. पुढच्या वर्षी तो माझ्या सासऱ्यांच्या पणजोबांचा चुलतभाऊ झाला होता, आणि आत्ती गेल्या त्या वर्षी तो खुद्द पणजोबाच होता. झेरॉक्स त्यांनी काचेची फ्रेम करून भिंतीला लावून घेतली, देवांच्या रांगेत. आत्तींना जाऊन आता दोन वर्षं झाली. फ्रेम तिथंच आहे.

पण त्या पहिल्या दिवशी बिद्रीच्या बाईनं विचारलं, "नाव काय हुतं त्यांचं?"

आत्तींनी माझ्याकडे बघितलं. बाईंनी वॉर्डात काय वाचून दाखवलं होतं ते आम्हा दोघींनाच माहीत होतं.

मग त्यांनी गिऱ्हाइकाकडे तोंड केलं. "नाव कुंभार," त्या म्हणाल्या. "नुसतं कुंभार. ध्यानात ठीव."

बाईनं पाच मुखवट्यांतला एक निवडला, मी आत्ताच संपवलेला. म्हणाली, "हेचं नाक जरा मोठं दिसतंय न्हवं?"

आत्ती उत्तर द्यायला वळल्या, पण त्यांच्या आधी मी मान वर केली. त्या बाईच्या तोंडाकडे बघितलं, माझं तोंड तिला सगळं दिसू दिलं.

"असू दे," मी म्हणाले. "वाळल्यावर बसतंय."